जुन्या डिझेल ट्रॅक्टरचे मोल : 'बी-२७५'च्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

भारतातील कृषियांत्रिकीकरणाचा इतिहास बहुधा नव्या यंत्रांच्या संख्येवरून लिहिला जातो. कोणत्या वर्षी किती ट्रॅक्टर तयार झाले, किती आयात झाले, कोणत्या राज्यात किती खपले, याची कोष्टके सहज उपलब्ध होतात. मात्र एकदा विकला गेलेला ट्रॅक्टर पुढे कोणाच्या हाती गेला आणि त्या वेळी त्याची किंमत कशी ठरली, हा प्रश्न अभ्यासकांच्या नजरेतून बराचसा निसटला आहे. वास्तविक अल्पभूधारक शेतकऱ्याच्या दारात उभा राहणारा पहिला ट्रॅक्टर पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातला असतो. त्याच्यापुरते यांत्रिकीकरण सुरू होते ते विक्रेत्याच्या दुकानात नव्हे, तर एखाद्या मिस्त्रीला बरोबर घेऊन परगावी केलेल्या सौद्यात. त्या सौद्यात अंदाज चुकला तर एका हंगामाचे उत्पन्न जाते, प्रसंगी जमिनीवर बोजा चढतो.

प्रस्तुत लेखात 'इंटरनॅशनल बी-२७५' या डिझेल ट्रॅक्टरचे उदाहरण घेऊन फेरविक्रीच्या किमतीचा विचार केला आहे. हा ट्रॅक्टर मूळ इंग्लंडमधला असला तरी त्याचे दीर्घ आयुष्य मुंबईच्या कांदिवली येथील कारखान्यामुळे घडले. जुन्या ट्रॅक्टरचे मोल त्याच्या वयावरून किंवा त्यातील लोखंडावरून फारसे ठरत नाही. त्याच्याभोवती सुटे भाग, जाणता कारागीर आणि निर्वेध कागदपत्रे या तीन गोष्टी किती टिकून आहेत, यावरून ते ठरत आले आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

टंचाईचा काळ

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत ट्रॅक्टर हे प्रामुख्याने सरकारी यंत्र होते. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोठ्या ट्रॅक्टरांनी नांगरून काढल्या आणि या प्रकारच्या यंत्रसामग्रीसाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचे कर्जही घेण्यात आले. खाजगी शेतकऱ्याकडील ट्रॅक्टरांची संख्या त्या मानाने नगण्य होती. १९५१ मध्ये संपूर्ण देशात सुमारे ८ हजार ६०० ट्रॅक्टर होते. १९६१ पर्यंत ही संख्या ३१ हजारांच्या आसपास गेली, परंतु त्यातील बहुतेक सारे परदेशी बनावटीचे होते. देशांतर्गत उत्पादन १९६१-६२ मध्ये अवघे ८८० होते.

उत्पादनाची सुरुवात परदेशी सहकार्याने झाली. फरिदाबाद येथे जर्मन सहकार्याने आयशर, मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे, बडोद्याजवळ चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने हिंदुस्थान ट्रॅक्टर्स आणि मुंबईत 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' अशी ही मालिका आहे. यांतील शेवटची कंपनी १९६३ मध्ये महिंद्र आणि महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून स्थापन केली. हरितक्रांतीमुळे मागणी एकाएकी वाढली आणि पुरवठा मागे पडला. १९७०-७१ मध्ये उत्पादन सुमारे २० हजारांपर्यंत पोहोचले, तरी नोंदणी करून थांबणाऱ्यांची रांग संपली नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने किमतीवर आणि १९७१ मध्ये वितरणावरही नियंत्रण आणले.

फेरविक्रीच्या दृष्टीने हा काळ विलक्षण आहे. नव्या ट्रॅक्टरची किंमत शासनाने बांधून दिलेली, पण तो मिळण्याची तारीख अनिश्चित. अशा वेळी दारात उभ्या असलेल्या, चालत्या ट्रॅक्टरच्या किमतीत थांबावे न लागण्याचीही किंमत मिसळली जाते. छापील किमतीवर मोजाव्या लागणाऱ्या अशा रकमेला बाजारात 'ऑन' म्हणत. स्कूटरच्या बाबतीत शहरी मध्यमवर्गाने जो अनुभव घेतला, तोच ट्रॅक्टरच्या बाबतीत बागायतदाराने घेतला. यंत्र वापरले की त्याचे मोल घटते, हा घसाऱ्याचा मूलभूत नियम या काळात बाजाराला लागू पडत नव्हता.

टंचाईवर उपाय म्हणून पूर्व युरोप आणि सोव्हिएत रशियातून लहान ट्रॅक्टर आयात झाले. झेटर, उर्सुस, डीटी-१४, आरएस-०९ अशी नावे त्या पिढीतील शेतकऱ्यांच्या परिचयाची होती. यांपैकी झेटरला पुढे वारस मिळाला. एचएमटी कंपनीने १९७१ पासून पिंजोर येथे झेटर २५११ चे उत्पादन सुरू केले आणि त्याच घराण्याचे भाग देशात तयार होऊ लागले. इतरांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. आयात थांबल्यावर त्यांचा एखादा गिअर तुटला की ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा राहिला तो कायमचाच. महाराष्ट्रातच १९७४ मध्ये नाशिकला किर्लोस्करांनी जर्मनीच्या डॉइट्झच्या सहकार्याने आणि पुण्याला पिट्टी यांनी ट्रॅक्टरनिर्मिती सुरू केली होती. हे दोन्ही उद्योग फार काळ चालले नाहीत. यंत्र चांगले की वाईट, याचा त्यांच्या फेरविक्रीशी पुढे संबंधच उरला नाही.

बी-२७५ : मूळ घर आणि दत्तक घर

बी-२७५ हा ट्रॅक्टर इंग्लंडमधील डॉंकास्टर येथे १९५८ मध्ये तयार होऊ लागला. चार सिलिंडर, १४४ घनइंच क्षमतेचे डिझेल इंजिन, सुमारे ३५ अश्वशक्ती, पुढचे आठ आणि मागचे दोन गिअर, ही त्याची ठळक वैशिष्ट्ये. इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी एका लहान कोठीत फवारले जाई. त्यामुळे थंडीत इंजिन सुरू करण्यापूर्वी हीटर प्लग तापवावे लागत. इंग्लंडमध्ये त्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. पुढे इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनीच ऐंशीच्या दशकात मोडकळीस आली आणि तिचा शेतीयंत्रांचा विभाग केसच्या मालकांनी विकत घेतला. डॉंकास्टरचा कारखाना अनेक हातांतून जाऊन २००७ मध्ये बंद झाला.

कांदिवलीत मात्र हा वंश चालू राहिला. १९७७ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी महिंद्र आणि महिंद्रमध्ये विलीन झाली. पुढे इंजिन बदलले, थेट फवारणीची पद्धत आली, बाह्यरूप बदलले, पण '२७५' हा आकडा कायम राहिला. आकडा राहणे ही विक्रीची युक्ती असेल. त्याबरोबर विक्रेत्यांचे जाळे, भाग ठेवणारी दुकाने आणि त्या घडणीची सवय झालेले मिस्त्रीही राहिले, हे फेरविक्रीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीमुळे, म्हणजेच 'मायको'मुळे, डिझेल पंप व नोझल दुरुस्त करणारा कारागीर तालुक्याच्या गावी दिसू लागला होता. ज्या यंत्राला असे गोत लाभते त्याची किंमत एका पातळीखाली सहसा उतरत नाही, कारण त्याचा प्रत्येक अवयव दुसऱ्या कोणाला तरी हवा असतो.

याची उलट बाजू फर्ग्युसन ३५ च्या उदाहरणात दिसते. इंग्लंडमधील या ट्रॅक्टरच्या पहिल्या डिझेल आवृत्तीत स्टँडर्ड कंपनीचे चार सिलिंडरचे इंजिन होते. ते थंडीत सुरू करणे अवघड म्हणून बदनाम झाले. १९५९ च्या अखेरीस त्याजागी पर्किन्सचे तीन सिलिंडरचे इंजिन आले आणि तक्रार मिटली. आजही तेथील जुन्या ट्रॅक्टरांच्या बाजारात तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला अधिक पसंती मिळते. वस्तुतः दोन्ही यंत्रे एकाच घडणीची, वयात फरक थोडा. भारतात तर सिम्पसन कंपनीने पर्किन्सच्या परवान्याने इंजिने बनवली आणि मॅसीच्या भागांचा पुरवठा अखंड राहिला. जन्मभूमीत बंद पडलेल्या यंत्रांचे भाग भारतातून परदेशातील संग्राहकांकडे जातात, ही त्या काळच्या आयातदारांना कल्पनाही करता आली नसती अशी गोष्ट आहे.

मिस्त्रीची परीक्षा

बैलबाजारात जनावराचे वय दातांवरून कळते. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला अशी त्याची ठरीव भाषा आहे आणि विकणारा काहीही म्हणाला तरी जबडा उघडून पाहता येतो. ट्रॅक्टरचे तसे नाही. वय कागदावर लिहिलेले असते, पण झीज शरीरात लपलेली असते. बैल पारखणाऱ्या शेतकऱ्याला यंत्र पारखण्यासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागले, आणि ग्रामीण महाराष्ट्रात ट्रॅक्टर मिस्त्रीला जे महत्त्व आले त्याचे एक कारण हे आहे.

परीक्षेची सुरुवात इंजिन सुरू करण्याआधी होते. जाणता मिस्त्री प्रथम इंजिनवर हात ठेवून ते गार आहे का हे पाहतो, कारण गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन गरम करून ठेवले की सुरू होण्यातला दोष झाकला जातो. बी-२७५ सारख्या हीटर प्लगच्या इंजिनात ही काळजी अधिकच घ्यावी लागते. सुरू झाल्यावर धूर पाहायचा. भार नसताना काळा धूर येत राहिला तर पंप-नोझलचे किंवा हवागाळणीचे काम, निळसर धूर म्हणजे ऑईल जळते, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर इंधन नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरते, असे अनुमान केले जाते. ब्रीदरच्या तोंडाशी हात धरला असता दाबाने वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा व लायनर झिजले आहेत. रेडिएटरचे झाकण काढून बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा हेडलाच चीर. ऑईल दुधासारखे दिसले तर पाणी मिसळलेले. यांतील एकेक निष्कर्ष हजारो रुपयांचा असतो आणि तो काढायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

त्यानंतर हायड्रॉलिक. नांगर किंवा जड फण जोडून लिफ्ट वर उचलायची आणि इंजिन बंद करून उभे राहायचे. भार हळूहळू खाली येत गेला, तर लिफ्टच्या सिलिंडरमधून वा झडपांमधून तेल गळते. स्टिअरिंगमधील ढिलाई, पुढच्या धुरेच्या पिना-बुश, जोर पडताच गिअर सुटणे, मागच्या क्राउन-पिनियनचा आवाज हे ओळीने तपासले जाते. टायर हा भाग नवख्याला क्षुल्लक वाटतो, परंतु मागच्या टायरांची जोडी नवी घालायची झाल्यास जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीचा मोठा वाटा तिच्यातच जातो. ताज्या रंगाकडे मिस्त्री संशयाने पाहतो. रंगाखाली वेल्डिंग केलेली चीर असू शकते, आणि चासीचा क्रमांकही.

तासमापकावर मात्र विसंबू नये असा अनुभव आहे. जुन्या ट्रॅक्टरांतील तासमापक इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. ठरावीक वेगाने चाललेल्या इंजिनचा एक तास तो एक तास म्हणून दाखवतो. मंद वेगाने तासन्‌तास पंप वा मळणीयंत्र चालवले तर प्रत्यक्ष वापरापेक्षा आकडा कमी भरतो. शिवाय त्याची केबल तुटलेली असणे इतके सर्वसाधारण आहे की चालू मापक दिसला की उलट प्रश्न विचारले जातात.

यंत्राने कोठे काम केले, हा प्रश्न किती वर्षे केले यापेक्षा मोलाचा ठरतो. पश्चिम महाराष्ट्रातील ऊसवाहतुकीत राबलेल्या ट्रॅक्टरचा क्लच, गिअरपेटी, ब्रेक आणि मागची धुरा थकलेली असते. मागच्या हुकाचे छिद्र ओढून लांबट झालेले असले की मालकाने काही न सांगताही ट्रॉल्यांचा इतिहास कळतो. भंडारा-गोंदियाकडील भातखाचरांत चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या बेअरिंगा व ऑईल सील पाण्याने गेलेले असतात. काळ्या जमिनीत खोल नांगरट केलेल्याची गोष्ट आणखी निराळी. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून बाहेर पडलेले तीन ट्रॅक्टर पंचवीस वर्षांनी तीन वेगळ्या किमतींना विकले जातात ते यामुळे.

कागदाचे वजन

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार शेती ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहनांत मोडतो. पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३०, आणि कर्जाची नोंद काढण्यासाठी नमुना ३५ व बँकेचे ना-हरकत पत्र लागते. हे सोपे वाटते. परंतु ट्रॅक्टर तीनदा विकला गेला आणि नोंदणीपुस्तकात नाव पहिल्याच मालकाचे राहिले, अशी उदाहरणे गावोगावी सापडतात. जुन्या ट्रॅक्टरांचे कर्ज भूविकास बँकेकडून जमीन तारण ठेवून घेतलेले असे आणि बोजा सातबाऱ्यावर चढलेला असे. कर्ज देणाऱ्या बँकेचे कामकाजच बंद झाल्यावर दाखला मिळवायचा कोणाकडून, ही अडचण अशा ट्रॅक्टरच्या किमतीत आपोआप वजा होते.

यात नुकसान विकणाऱ्याचेही असते. अपघात झाल्यास नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. ट्रॅक्टर विकून पैसे मोकळे झालेल्या शेतकऱ्यावर, ज्या अपघाताशी त्याचा काही संबंध नाही, त्याच्या भरपाईचा दावा येऊ शकतो. कागद पूर्ण असलेला सामान्य ट्रॅक्टर आणि कागद नसलेला उत्तम ट्रॅक्टर यांत व्यवहारी शेतकरी पहिल्याला अधिक पैसे देतो ते यासाठीच.

पुस्तकी किंमत आणि बाजार

कृषी अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शेतीयंत्राच्या खर्चाचे गणित भारतीय मानक ९१६४ (१९७९) च्या आधारे शिकवले जाते. ट्रॅक्टरचे आयुष्य १० वर्षे आणि अखेरचे मूल्य मूळ किमतीच्या १० टक्के, असे त्यात सामान्यतः धरतात. दुसरी पद्धत घटत्या शिलकीची. आयकराच्या हिशेबात यंत्रसामग्रीला जो १५ टक्के दर लावला जातो त्याने १०० रुपयांच्या यंत्राचे १० वर्षांनी सुमारे २० रुपये आणि २० वर्षांनी जेमतेम ४ रुपये उरतात. यंत्राच्या तासाचा खर्च काढण्यासाठी ही गणिते योग्यच आहेत. त्यांना फेरविक्रीची किंमत समजणे ही गफलत होय. वीस वर्षांचा, भाग मिळणारा, चालता ट्रॅक्टर त्याच्या मूळ किमतीच्या चार टक्क्यांना कोणी देणार नाही. चलनवाढीमुळे मूळ किंमत हीच मुळात तुलनेला निरुपयोगी झालेली असते. जुन्याची किंमत आजच्या नव्याच्या किमतीशी बांधलेली असते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याची झळ जुना ट्रॅक्टर विकायला काढलेल्या मालकाला बसणे स्वाभाविक होते.

वित्तसंस्थांचा भर यंत्राच्या वयावर असतो. वय एका मर्यादेपलीकडे गेले की कर्ज मिळत नाही. परिणामी सर्वांत जुने, म्हणजे सर्वांत स्वस्त ट्रॅक्टर रोखीने किंवा खाजगी सावकाराच्या पैशाने घ्यावे लागतात. ज्याला कर्जाची सर्वाधिक गरज त्याच्यापुरते ते बंद, असा हा प्रकार आहे.

विकणाऱ्याची निकड हा घटक तर कोणत्याच सूत्रात बसत नाही. पंजाबात मोगा, बर्नाला, तलवंडी साबो येथे भरणाऱ्या ट्रॅक्टरांच्या बाजारांत, कर्जाने घेतलेला जवळजवळ कोरा ट्रॅक्टर रोख रकमेसाठी लगेच तोट्यात विकला जाण्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. लग्न, आजारपण किंवा आधीची देणी यांसाठी ट्रॅक्टरचे कर्ज हाच पैसा उभा करण्याचा मार्ग ठरला. अशा सौद्यात ठरलेली किंमत यंत्राविषयी काही सांगत नाही, ती घराविषयी सांगते.

वारसा की भंगार

ब्रिटनमध्ये जुन्या ट्रॅक्टरांच्या संग्राहकांची राष्ट्रीय संघटना १९६५ पासून कार्यरत आहे. तेथे मूळ रंग, मूळ पत्रा, मूळ क्रमांकाची पट्टी यांना किंमत येते आणि काम करण्याची क्षमता मागे पडते. भारतात हे दोन बाजार अद्याप वेगळे झालेले नाहीत. येथे पन्नास वर्षांचा ट्रॅक्टरही शेतात काय करील यावरूनच जोखला जातो. तो चालता राहावा म्हणून त्याचे इंजिन, सेल्फ, टायर, बैठक सारे बदललेले असते. संग्राहकाच्या दृष्टीने मोल घटवणारी दुरुस्ती शेतकऱ्याच्या दृष्टीने मोल वाढवते.

कायद्यानेही या यंत्रांना वारशाचे स्थान दिलेले नाही. केंद्र शासनाने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. ते दुचाकी आणि खाजगी प्रवासी मोटारींपुरते आहेत, ट्रॅक्टर त्यांत येत नाही. त्याच वर्षी वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. एखाद्या संस्थानिकाची बंद मोटार वारसा ठरते आणि कांदिवलीच्या पहिल्या तुकडीतील, गावाची पहिली यांत्रिक नांगरट केलेला बी-२७५ ठरत नाही, हा भेद अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्यासारखा आहे. कृषी महाविद्यालयांच्या आवारात आणि सहकारी संस्थांच्या गोदामांत असे काही ट्रॅक्टर पडून असतात. जडवस्तू निर्लेखनाच्या वेळी त्यांची किंमत किलोवर काढली जाते.

मोडीत निघणारा ट्रॅक्टर एकदम नाहीसा होत नाही. इंजिन विहिरीवर किंवा मळणीयंत्राला जाते, गिअरपेटी दुसऱ्या बी-२७५ मध्ये बसते, मागची धुरा आणि चाके ट्रॉलीखाली लागतात, पत्रा भंगारात. वाहन नष्ट झाल्यास मालकाने चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, अशी तरतूद १९८८ च्या अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये आहे. ती फारच थोडे शेतकरी पाळतात. त्यामुळे सुटा होऊन चार शिवारांत विखुरलेला ट्रॅक्टर परिवहन कार्यालयाच्या नोंदवहीत अजूनही पहिल्या मालकाच्या नावाने उभा असतो.